हसता शॉट

"हौसाताई, मान वर. वर म्हंजे राणीवानी वर. शेंगा निवडताना धरता तशी न्हवं."

मेकअपवाल्या बाबूनानानं दोन बोटांनी माझी हनुवटी उचलली आणि श्वास रोखला. कुंकू रेखताना तो नेहमी श्वास रोखायचा. आधी मेणाचा बारीक हात, मेणावर कुंकवाची चंद्रकोर, चंद्रकोरीखाली एक टिंब. तेवढा वेळ त्या माणसाच्या नाकातनं वारा म्हणून यायचा नाही. काम झालं की फुस्सकन सोडायचा आणि आरसा माझ्यापुढं धरायचा.

"घ्या. आल्या थोरल्या राणीसाहेब."

आरशात बघितलं की माझा मलाच मुजरा करावासा वाटे. मी गुणगुणायला लागायचे. आईच्या जात्यावरच्या ओव्या, दुसरं काय येतंय मला.

*दारी वाजतो चौघडा, बाई कुनाच्या मानाचा*
*राणी बसली आतमंदी, कोना तिच्या गं नावाचा*

"गाऊ नका, भुवई हलतीया," नाना म्हणायचा. मग स्वतःच, "कोना तिच्या गं नावाचा," असं घोळवत पुढच्या गिऱ्हाइकाकडं जायचा.

आमचा राजवाडा म्हणजे गुळाचं गोदाम. कोल्हापूरच्या बाहेर एका व्यापाऱ्याचं जुनं गोदाम भाड्यानं घेऊन त्यात 'सोनतळची गादी' या मालिकेचा दरबार उभा केला होता. खांब थर्माकोलचे, सिंहासन प्लायवूडचं, वरनं सोनेरी रंग. पण भिंतींनी वर्षानुवर्षं गूळ प्यायलेला. दिवे पेटले, गोदाम तापलं, की महालाला काकवीचा वास सुटायचा आणि फटीफटीतनं मुंगळे बाहेर पडायचे. दासी चवऱ्या ढाळायच्या त्या राजाला वारा घालायला कमी आणि मुंगळे झटकायला जास्त.

मालिकेची दोन पर्वं झाली होती. सोनतळ नावाचं संस्थान, तिथले प्रतापराव महाराज, त्यांची थोरली राणी म्हणजे मी, आणि गादीवर डोळा ठेवून बसलेले महाराजांचे धाकटे भाऊ, म्हणजे धाकटे सरकार. सगळं लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं. पण माझ्या आईच्या गावात आमच्यावरनं भांडणं व्हायची. धाकट्या सरकारांचं काम करणारा नट एकदा बाजारात वांगी घ्यायला गेला, तर बाईनं त्याला वांगी दिली नाहीत.

दुसरं पर्व संपता संपता महाराजांचं काम करणाऱ्या विश्वंभरला सिनेमा मिळाला. म्हणून सोनतळच्या महाराजांना ताप आला. गेला आठवडाभर ते पलंगावर खोकत होते. आज मरायचे होते.

"तुमचं बरं हाय विश्वंभर," नाना त्याच्या गालांना राखेचा रंग लावत म्हणाला. "तुम्ही मरून सुटताय. आमचं मागं काय हुतंय कुनास ठावं."

"नाना, मला मेल्यावर काशीला पाठवू नका म्हणजे झालं," विश्वंभर म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले. त्याचं कारण असं, की साध्या घरगुती मालिकेत माणूस काढून टाकायचा तर त्याला परदेशी नोकरी लावतात. आमचं पडलं राजघराणं. आमच्यात काशीला पाठवायचे. एक आत्याबाई, एक राजवैद्य आणि एक शाहीर एवढे लोक आधीच तिकडं गेले होते. "तिकडं आता आपलीच दुसरी मालिका निघंल," असं नाना म्हणायचा.

तेवढ्यात आजचं लिखाण आलं. आमच्यात लिखाण त्याच सकाळी यायचं, गरम भजी आल्यासारखं. दिग्दर्शक अमोघनं ते माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडं न बघता दिवे बघायला गेला. पोरगं गुणाचं, पण खोटं लपवता यायचं नाही त्याला.

मी वाचलं. महाराज जातात. राणीसाहेब कुंकू पुसतात. राणीसाहेब गादीवरून उठतात, शिक्का धाकट्या सरकारांच्या हाती देतात आणि म्हणतात, 'आता आम्हाला गंगामाई बोलावते आहे.'

मी पुन्हा वाचलं. गंगामाई काही हलली नाही.

"नाना," मी म्हटलं, "मी चालले बघा काशीला."

नानाच्या हातातनं डबी पडली.

मी तशीच नऊवारीचा काठ उचलून दरबारात गेले. तिथं अमोघ होता आणि चॅनेलच्या रेवा मॅडम होत्या. मॅडम मुंबईहून आल्या होत्या. मोठं कुणी मरायचं असलं की त्या यायच्या. मुंगळ्यांच्या भीतीनं त्यांनी पाय खुर्चीवर घेतले होते.

"अमोघ सर, राणी उठती कशाला?"

"म्हणजे?"

"नवरा मेला. रडंल, पडंल, चार दिवस जेवणार न्हाई. पण गादीवरनं उठती कशाला? दोन पर्वं कारभार तिनंच बघितला. धाकट्याचे डाव तिनंच उधळून लावले. हे तर सगळा वेळ शिकारीला."

अमोघनं रेवा मॅडमकडं बघितलं.

"हौसाताई," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचं काम सुंदरच आहे. पण तिसरं पर्व तरुण करायचंय आपल्याला. आणि महाराज नसताना राणी दरबारात बसलेली बरी नाही दिसत. पांढरं कपाळ, पांढरी साडी... घराघरांत बायका संध्याकाळी दिवा लावून मालिका बघतात. त्यांना ते नको असतं समोर."

"मग कपाळ पांढरं नका करू."

"अहो, विधवा आहे ती."

"राणी हाय ती."

"दोन्ही आहे. पण प्रेक्षकांना पटत नाही."

"कुठल्या प्रेक्षकांना? विचारलंय का?"

मॅडमचा आवाज जरा खाली उतरला. "हौसाताई, तुमच्या तोंडी शेवटचं वाक्य किती छान दिलंय. मानानं जाताय तुम्ही. सगळ्यांना असं जायला मिळत नाही."

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. दुसऱ्या माणसाच्या तोंडून, दुसऱ्या घरात. मला काम हवं होतं, आणि पुढच्या पर्वात नाही तर नाही, निदान चांगलं नाव लावून दुसरीकडं कुठं मिळालं असतं. भांडून निघालेल्या बाईला कोण घेतंय?

"करते," मी म्हटलं.

विश्वंभर मेला. फार सुंदर मेला. 'राणीसाहेब, गादी सांभाळा,' असं म्हणून त्यानं मान टाकली. मी अमोघला म्हटलंसुद्धा, "बघा, नवरा गादी सांभाळा म्हणतोय आणि मी चालले गंगेत बुडी मारायला." अमोघ म्हणाला, "ताई, प्लीज."

मग महाराजांना दरबारात आणून ठेवलं, गादीपुढं, फुलांत. त्यात झेंडूच्या माळांना साखरपाणी मारलेलं, फुलं कॅमेऱ्यात ताजी दिसावीत म्हणून. हा कुणाचा शहाणपणा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. गुळाच्या गोदामात साखरपाणी! पहिल्याच शॉटला महाराज शिंकले. दुसऱ्याला त्यांच्या पायाचा अंगठा वळवळला.

"विश्वंभर, तू मेलायस!" अमोघ ओरडला.

"मला माहिताय! मुंगळ्यांना सांग ना!"

दासींनी मुंगळे झटकले, पावडर मारली. मग माझा जवळचा शॉट आला. कुंकू पुसण्याचा.

"नाना, पुसून दाखव एकदा, किती पसरतंय ते बघू," अमोघ म्हणाला.

बाबूनाना जागचा हलला नाही. "मी लावतो. पुसत न्हाई."

"अरे, फक्त टेस्ट..."

"सर, ह्या धंद्यात म्हातारा झालो. किती राण्या रंगवल्या, किती तमासगिरणी. एकीचं पुसलं न्हाई. त्यांचं त्यांनी पुसावं."

मग माझं मी पुसलं. कॅमेरा अगदी नाकाशी आला होता. उजव्या हाताचा तळवा कपाळावर ठेवला आणि ओढला. मेणावरचं कुंकू लवकर निघत नाही. दुसऱ्यांदा ओढावं लागलं. दिव्यावरचं पोरगंही खाली बघायला लागलं. मला वाटलं होतं रडायला ग्लिसरीन लागेल. नाही लागलं.

त्यानंतर उठण्याचा शॉट. मी गादीवरनं उठले, पायऱ्या उतरले, शिक्का धाकट्या सरकारांच्या हातात दिला. त्या नटानं तो घेताना मान खाली घातली, बिचारा भला माणूस. 'आता आम्हाला गंगामाई बोलावते आहे.' पाठमोरी होऊन मी चालत गेले, थर्माकोलच्या खांबाआड जाईपर्यंत.

"कट! बास! एकाच टेकमध्ये!" अमोघ म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेवा मॅडमनी डोळे पुसले. सगळ्यांचं लक्ष माझ्यावर होतं. कुणीच महाराजांकडं बघितलं नाही.

आता आमच्या लायनीतली एक रीत सांगायला पाहिजे. मरणाचा शॉट दिला, किंवा विधवा होण्याचा, की त्या नटानं घरी जाण्याआधी कॅमेऱ्यापुढं बसायचं आणि हसायचं. बाईचं कुंकू पुसलं असेल तर ते पुन्हा लावायचं आणि मग हसायचं. त्याला हसता शॉट म्हणतात. तो कुठं दाखवत नाहीत. खोट्या मरणाची खऱ्याला दृष्ट लागू नये, एवढ्यासाठी. शिकलेले दिग्दर्शकही तो चुकवत नाहीत. 'आपलं काय जातंय' म्हणतात आणि कॅमेरा लावतात.

विश्वंभर गळ्यातल्या हारासकट उठून बसला, पाठ खाजवत खाजवत खदाखदा हसला. "जिवंत हाय रे!" म्हणाला आणि विमान चुकेल म्हणून तसाच रंगलेल्या तोंडानं गाडीत बसून गेला.

मी खुर्ची ओढून कॅमेऱ्यापुढं बसायला लागले. तेवढ्यात निर्मितीचं काम बघणारे सावंत घड्याळाकडं बघत म्हणाले, "हौसाताईंचा राहू दे. पॅकअप घ्या, सेट मोडायला माणसं आलीत."

"हसता शॉट राहिलाय," अमोघ म्हणाला.

"त्यांना कशाला लागतोय?" सावंत अगदी सहज म्हणाले. वाईट मनात काही नव्हतं त्यांच्या. "अपशकुन टाळायचा तो ज्याच्यासाठी, तो हाय कुठं? ताईंचं तर आधीच..."

आणि थांबले.

भिंतीतनं मुंगळे चालल्याचा आवाज होत असता तर तोही ऐकू आला असता.

खरंच होतं ते. सावंत खोटं बोलले नव्हते. माझा नवरा दत्तू पोवार, कलापथकाचा मालक, पेटी वाजवायचा आणि मी गायचे. गवळणी, भेदिक, भलरी, सगळं. तो गेला आणि तेराव्याला माझा दीर म्हणाला, "वहिनी, आता मोकळ्या कपाळानं गवळण म्हणलेली बरी दिसंल का? मानानं बाजूला व्हा. पथक मी बघतो." मानानं. मी पेटीवर फडकं नीट घातलं आणि मानानं बाजूला झाले. पुढं मालिकेत काम मिळालं, तेव्हापासनं रोज सकाळी नाना माझ्या कपाळावर चंद्रकोर रेखायचा, दिवसभर मी ती मिरवायची आणि संध्याकाळी घरी निघताना खोबरेल तेलाच्या कापसानं पुसून टाकायची. रस्त्यात कुणी बघायला नको.

माझ्या आईचंही तसंच. मी लहान असतानाच बाप गेला. आई पहाटे जात्यावर बसायची, तिचं मोकळं कपाळ चिमणीच्या उजेडात घामानं चमकायचं, आणि ती एक ओवी गायची. दुसऱ्या कुणासमोर कधी गायली नाही. जात्याला सांगायची आणि मला.

मी वळले. खुर्चीवर नाही बसले. दरबारात गेले. माणसं गादीचा लोड उचलायला लागली होती.

"ठेवा ते," मी म्हटलं.

त्यांनी ठेवलं. दोन पर्वं राणी होते मी. सवय होती त्यांना.

"अमोघ सर, मला हसता शॉट पाहिजे. इथं. गादीवर."

"ताई, सावंतांच्या बोलण्याचं मनावर..."

"सावंतांचं काही न्हाई. रीत हाय. विश्वंभरला मिळाला, मला का न्हाई? कॅमेरा लावा."

रेवा मॅडम म्हणाल्या, "उगीच इमोशनल होऊ नका हो. गाडी थांबलीय तुमच्यासाठी."

"थांबू द्या. महाराज मेलेत, गाडी कुठं पळून जातीया?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबूनाना डबी घेऊन आधीच पायऱ्या चढत होता. त्यानं माझी हनुवटी उचलली. "मान वर," म्हणाला. "राणीवानी." श्वास रोखला. मेणाचा हात, चंद्रकोर, टिंब. त्या दिवशी त्यानं फार वेळ श्वास रोखून धरला. सोडला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "आता भुवई हलली तरी चालतंय," तो म्हणाला. "गावा."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. मी मांडी घातली. ती राणीची नव्हे. जात्यापुढं घालतात तशी, एक पाय लांब, एक दुमडलेला. आणि आईची ओवी म्हटली. संथ, खुंट्याला धरून ओढावी तशी.

*माझ्या कपाळीचं कुंकू, मायबाईनं लाविलेलं*
*राजा यायाच्या आधीचं, कसं राजासंगं गेलं?*

पुन्हा म्हटली. मग कॅमेऱ्याच्या काचेत सरळ बघितलं.

"काशीला आमचा निरोप सांगा," मी म्हटलं. "म्हणावं, यायला सवड नाही. चौघडा वाजवा."

आणि हसले. रीतीपुरतं हसायचं असतं, पण एकदा सुरू झालं आणि थांबेना. पोटातनं आलं, गळ्यातनं आलं. दासी हसायला लागल्या, दिव्यावरचं पोरगं हसायला लागलं. शिक्का अजून हातातच असलेले धाकटे सरकार दारातनं ओरडले, "राणीसाहेबांचा विजय असो!"

"कट," अमोघ हळूच म्हणाला.

मग मी आरशापुढं बसले. नानानं तेलाचा कापूस पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. मी बघितलं त्याच्याकडं. कापूस घेतला. बाहेर रिक्षावाले होते, घरमालकीण होती.

"राणीचं राणीपाशी, नाना," मी म्हटलं आणि पुसलं.

आमच्याकडं शिलकीतले भाग कधी नसायचे. आज चित्रीकरण झालं की रात्री ते मुंबईला जायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक बघायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी अमोघचा फोन आला.

"ताई, एक घोळ झालाय."

"काय?"

"उठण्याचा शॉट. तुम्ही शिक्का देता, चालायला लागता... आणि मागं महाराज गुडघा वर घेऊन मांडी खाजवतात."

मी फोन बाजूला धरून हसून घेतलं.

"मुंगळा," अमोघ म्हणाला. "आम्ही सगळे तुमच्याकडं बघत होतो. विश्वंभर हैदराबादला पोचलाय, सेट अर्धा मोडलाय. भागाला शेवट नाही."

"मग?"

"कुंकू पुसल्याचा जवळचा शॉट आहे. आणि..." तो जरा थांबला. "आणि त्यानंतरचं तुमचं एकच चित्रीकरण माझ्याकडं आहे."

"ते दाखवत न्हाईत, सर."

"हो. पण दुसरं काही नाहीच ना," अमोघ म्हणाला. त्याला खोटं लपवता यायचं नाही, हे मघाशी सांगितलंच. फोनवरसुद्धा ऐकू येत होतं, की तो हसतोय.

संध्याकाळी घरमालकिणीच्या खोलीत बसून मी तो भाग बघितला. राणीनं कुंकू पुसलं. पडदा काळा झाला. काळ्यातनं ओवी आली, आणि मग गादीवर, जात्यापुढं बसतात तशी बसलेली, कपाळावर ठसठशीत चंद्रकोर असलेली एक बाई. ती हसली आणि तिसरं पर्व सुरू झालं. घरमालकीण माझ्या कपाळाकडं बघत होती, मग टीव्हीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. मग चहात आलं जरा जास्तच घातलं.

रेवा मॅडमचा फोन आला तो चिडलेला नव्हता, थंड होता.

"हौसाताई, झालं ते झालं. लोकांना आवडलंय असं दिसतंय. पण तुम्ही आम्हाला न विचारता गोष्ट बदललीत. पुढच्या भागात राणीसाहेबांना पश्चात्ताप होतो, त्या देवापुढं कुंकू उतरवतात आणि निघतात. एवढं एक दृश्य करून द्या, मी दुसऱ्या मालिकेत तुमचं नाव सुचवते."

"पश्चात्ताप कशाचा?"

"म्हणजे... तसं बसल्याचा."

"मॅडम, मी न्हाई करणार."

"मग आम्हाला दुसरी राणी आणावी लागेल."

"आणा. पण तिलासुद्धा गादीवरच बसवावं लागंल. एकदा पुसून परत लावलेलं लोकांनी बघितलंय. आता पुसलं तर लोक तुम्हाला विचारतील, मला न्हाई."

तसंच झालं. दुसरी आणली. उंच, गोरी, मराठी जरा तुपात घोळवून बोलणारी. ती संपूर्ण पर्वभर कुंकू लावून गादीवर बसली आणि धाकट्या सरकारांना बाजारात पुन्हा कधी वांगी मिळाली नाहीत. सोनतळच्या राणीसाहेब काशीला गेल्या नाहीत. गेले ती मी.

काशी म्हणजे माझ्या आईचं गाव, राधानगरीच्या वाटेवर. मी सामान घेऊन उतरले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी तोंडावर होती. घरोघर हळदीकुंकू चाललेलं. त्या दिवशी आमच्याच घराच्या पुढच्या सोप्यात बायका जमलेल्या, कारण गल्लीत मोठा टीव्ही आमच्याकडं. तो माझ्याच कामाच्या पैशातनं आलेला. शेजारच्या सरसामावशीनं म्हटलं होतं, मालिका बघायला सगळ्या येतातच, तर हळदीकुंकूही तिथंच करू.

आई भिंतीला टेकून बसली होती. हातात डबी घेऊन सरसामावशी उठली, तशी आईही उठायला लागली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी. आयुष्यभर ती अशीच उठत आली होती. कुंकवाची डबी उघडली की हिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. मीही उठले, माझाही पाय सवयीनं आतल्या खोलीकडं वळला.

आई अर्धी उठली आणि थांबली. टीव्हीकडं बघितलं. तिथं अजून जाहिराती चालल्या होत्या.

"हौसे," ती म्हणाली, "तू टीव्हीत माझी ओवी म्हणलीस न्हवं?"

"म्हणली."

"समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरं."

आई परत खाली बसली. धपकन बसली, उखळ ठेवल्यासारखी.

"सरसा," ती म्हणाली, "चुलीवर काय न्हाई आज. मी हितंच हाय."

सरसामावशी डबी घेऊन तशीच उभी. एकीनं पदर सावरला. दुसरी म्हणाली, "अगं बया, आत्ती, ह्या वयात?" तिसरी म्हणाली, "ह्या वयात नगं तर कवा? तिरडीवर?" आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणी सासूचं नाव काढलं, कुणी देवाचं. मी मावशीच्या हातातनं डबी घेतली आणि आईपुढं बसले.

"मान वर," मी म्हटलं. "राणीवानी."

आईनं मान वर केली. सुरकुत्यांचं कपाळ, इतकी वर्षं मोकळं, की चंद्रकोर कुठं काढावी तेच कळेना. मेण नव्हतं. बोट बुडवलं आणि श्वास रोखला. आता कळलं नाना का रोखायचा ते.

काढून झालं. आईनं डबी माझ्या हातातनं घेतली. तिनं बोट माझ्या कपाळाला टेकवलं, तर अर्धं कुंकू नाकावर सांडलं.

"वाकडं झालं गं."

"असू दे."

"पुसून नीट काढू?"

"न्हाई," मी म्हटलं. "पुसायचं न्हाई. आता हास."

"कशाला?"

"आमच्या लायनीत रीत हाय. कुंकू परत लावलं की हसायचं."

आईनं सगळ्यांकडं बघितलं, पदर तोंडावर घेतला, मग तो खाली केला. आणि हसली. एक दात पुढं, बाकी बोळकं. सरसामावशी हसली, आणि एकेक करून सगळा सोपा. मागं टीव्हीवर सोनतळचा चौघडा वाजायला लागला होता. कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.